अहवाल ज्यांच्याबद्दल, त्यांनाच वाचता येईना : सुमित्रा भावे यांचं प्रकरण

समाजकार्याच्या वर्गात ‘प्रकरण’ हा शब्द आम्ही रोज वापरतो. एक माणूस किंवा एक कुटुंब घ्यायचं, त्यांची अडचण कशी उभी राहिली, कोणी काय केलं, काय हाती लागलं आणि काय निसटलं ते नीट लिहून काढायचं. दरवर्षी दुसऱ्या सत्रात मी जे प्रकरण घेते ते मात्र एका चित्रपट दिग्दर्शिकेचं असतं. मुलं सुरुवातीला चक्रावतात. आपण क्षेत्रकार्य शिकायला आलोय आणि मॅडम सिनेमा कसला काढतायत, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. दोन तासिका झाल्या की प्रश्न यायला लागतात, आणि ते प्रश्न सिनेमाचे नसतात.

परिस्थिती अशी. साल १९८५, गाव पुणं. सुमित्रा भावे यांचं वय बेचाळीस. समाजकार्य शिकवण्याचा दहा वर्षांचा अनुभव गाठीशी, वस्त्यांमधल्या बायकांच्या मुलाखतींचं मोठं काम हातात. चित्रपटाचं शिक्षण शून्य. कोणाच्या हाताखाली सहायक म्हणून काम केलेलं नाही, घराण्यात कोणी सिनेमावालं नाही. त्या वर्षी त्या पहिला लघुपट करतात आणि नंतर छत्तीस वर्षं, शेवटपर्यंत, थांबत नाहीत. पन्नासहून अधिक लघुपट, डझनाहून जास्त कथापट, राष्ट्रीय पुरस्कारांची रांग आणि २०१६ च्या ‘कासव’ला देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ.

हे कसं घडलं, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न. जिद्द, प्रतिभा, चिकाटी ही उत्तरं मी वर्गात स्वीकारत नाही. ती खोटी नाहीत, पण त्यातून पुढच्याला काही करता येत नाही.

आधीची बेचाळीस वर्षं

जन्म १२ जानेवारी १९४३, पुण्यातच. माहेरच्या त्या उमराणी. शाळा आगरकर हायस्कूल, पदवी फर्ग्युसनमधून, मग पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून ग्रामीण कल्याणाची पदविका. काही काळ दिल्लीला आकाशवाणीवर मराठी बातम्या वाचल्या. परत पुण्यात येऊन कर्वे समाज सेवा संस्थेत दहा वर्षं शिकवलं.

या यादीतली एक गोष्ट मला नेहमी थांबवते. पुण्यात सिनेमा शिकायची सोय नव्हती असं कोणालाच म्हणता येणार नाही. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून इथे आली. तिच्याच आवारात १९६० साली सरकारने चित्रपट संस्था काढली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून, तेही लॉ कॉलेज रस्त्यावर. फर्ग्युसनच्या फाटकातून निघालं तर चालत अर्ध्या तासात तिथे पोचता येतं. संस्था सुरू झाली तेव्हा सुमित्रा उमराणी सतरा वर्षांच्या होत्या. म्हणजे अख्ख्या देशातली मुलं ज्या फाटकातून आत शिरायला धडपडत होती, त्याच्या आसपासच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या आणि सिनेमाकडे आल्या त्या बेचाळिसाव्या वर्षी, भलत्याच रस्त्याने.

मला तो रस्ता भलता वाटत नाही. केसवर्क, म्हणजे एकेका माणसाबरोबर करायचं समाजकार्य, शिकवताना पहिल्या महिन्यात आम्ही काय शिकवतो? समोरचा बोलताना मध्ये बोलू नका. गप्प बसला तर बसू द्या. तो काय सांगतोय याच्याबरोबर तो कुठे बसलाय, हाताने काय करतोय, घरात आणखी कोण आहे आणि ते आल्यावर याचा आवाज बदलतो का, हेही टिपा. निष्कर्षाची घाई करू नका. ही सगळी दिग्दर्शकाचीही कामं आहेत. दहा वर्षं ती दुसऱ्यांना शिकवणारी बाई कॅमेऱ्यामागे उभी राहिली तेव्हा तिला लेन्सचे आकडे ठाऊक नसतील, पण माणूस बघायचा कसा हे चांगलंच ठाऊक होतं. बातम्या वाचण्याचा काळही मी यात धरते. रेडिओवर वाक्य लांबलं की ऐकणारा सुटतो, हे तोंडाला वळण लागल्याशिवाय कळत नाही.

मुलाखतींचा गठ्ठा

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे. पुण्यातल्या ईशवाणी केंद्रात ‘स्त्रीवाणी’ नावाचा प्रकल्प चालू होता आणि भावे त्यात संशोधन करत होत्या. वस्तीतली, कष्टकरी, बहुतेक दलित बाई स्वतःकडे कशी बघते हा अभ्यासाचा विषय. या कामातून आठ दलित स्त्रियांच्या जीवनकहाण्यांचं पुस्तक पुढे १९८८ साली दिल्लीहून निघालं, ‘पॅन ऑन फायर’ नावाने. इंग्रजी भाषांतर गेल ऑम्व्हेट यांचं.

पुस्तक चांगलं आहे. पण भावे यांना अडचण दिसली ती पुस्तक येण्याच्या आधीच, आणि त्याबद्दल त्या नंतर अनेकदा बोलल्या आहेत. ज्या बायकांनी पोटातलं काढून सांगितलं, त्यांना वाचता येत नव्हतं. अहवाल अभ्यासकांकडे जाणार, संस्थांकडे जाणार, ग्रंथालयात जाणार. सांगणारीकडे परत काहीच येणार नाही.

हे वाचायला सोपं आहे. मला ते कळलं माझ्या स्वतःच्या फजितीतून, म्हणून ते इथे सांगते. विद्यार्थिनी असताना माझं क्षेत्रकार्य पर्वतीच्या पायथ्याला, जनता वसाहतीत होतं. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींकडे मी दोन महिने जात होते. अहवाल टंकून झाला, बाइंडिंग झालं, निळं कव्हर, सोनेरी अक्षरं. मोठ्या उत्साहाने मी तो त्यांना दाखवायला नेला. त्यांनी पदराला हात पुसले, कव्हरवरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, “ह्यात मी कुठं हाय?” मी पान काढून दिलं. तिथे लिहिलं होतं : ‘प्रतिसादक क्रमांक ९’. मी ते वाचून दाखवायला लागले. ‘प्रतिसादकाच्या मते वैवाहिक जीवनात संवादाचा अभाव आहे.’ मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “हे मी म्हनले?”

त्या म्हणाल्या होत्या ते असं : “त्यो येतो, जेवतो, झोपतो. मी भिताडाशी बोलते.”

ते वाक्य माझ्या वहीत होतं. अहवालात नव्हतं. वहीपासून अहवालापर्यंतच्या वाटेवर मीच ते गाळलं होतं आणि त्याबद्दल मला चांगले गुणही मिळाले होते.

भावे यांच्यासमोर याच जातीचा प्रश्न होता, फक्त कितीतरी मोठा. त्यावर एखादीने अहवालाची सोपी मराठी आवृत्ती काढली असती, नाहीतर वस्तीत सभा घेतली असती. त्यांनी चित्रपट करायचं ठरवलं. मुलाखतींमधल्या आयुष्यांवरून गोष्ट रचली आणि लघुपट झाला, ‘बाई’. झोपडपट्टीत राहणाऱ्या, संसार एकटीच्या खांद्यावर ओढणाऱ्या बाईची गोष्ट.

१९८५ साली हे ठरवणं म्हणजे काय हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. त्यांच्या खिशात कॅमेरा आहे. तेव्हा फिल्म होती. १६ मिलिमीटरचं ४०० फुटी रीळ सुमारे अकरा मिनिटं चालायचं, ३५ मिलिमीटरचं तेवढंच रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपायचं. निगेटिव्ह विकत घ्यायची, ती धुवायला लॅबला पाठवायची, मग रश प्रिंट, म्हणजे पहिली कच्ची प्रत, निघणार आणि तेव्हा कळणार की आपण काय टिपलं. एक टेक चुकला की पैसे गेले. ज्या बाईने आयुष्यात कधी ‘अ‍ॅक्शन’ म्हटलेलं नाही तिने अशा माध्यमात उतरणं याला धाडस म्हणता येईल, पण मला त्यातला हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. फिल्म महाग म्हणून आधी ठरवावं लागतं की नक्की काय दाखवायचंय. आणि काय दाखवायचंय हे भावे यांच्याइतकं स्पष्ट माहीत असलेलं त्या काळात दुसरं कोण होतं? त्यांच्याकडे शेकडो तासांचं ऐकलेलं बोलणं होतं.

‘बाई’ला कुटुंबकल्याणविषयक लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, ‘पाणी’ केला. गावातल्या बायका पाण्यासाठी एकत्र येतात त्याची गोष्ट. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार. मुलं इथे लगेच मान डोलावतात, म्हणजे जमलं की! मी त्यांना पुन्हा मागे नेते. पुरस्कार दिल्लीत मिळाला. मूळ प्रश्न वस्तीत होता. पहिली गोष्ट घडली म्हणून दुसरी सुटली असं होत नाही. सुटली असेल तर एवढ्याचमुळे, की सिनेमा समोर बसून बघता येतो, त्याला अक्षरओळख लागत नाही आणि ‘मी असं म्हणले नव्हते’ हे बघणारीला तिथल्या तिथे सांगता येतं.

दोघं

‘बाई’च्या वेळी नाटकात काम करणारा एक तरुण सहायक म्हणून आला, सुनील सुकथनकर. या कामानंतर त्याने चित्रपट संस्थेत रीतसर प्रवेश घेतला, शिकून परत आला आणि मग दोघांनी मिळून दिग्दर्शन केलं, जवळजवळ साडेतीन दशकं. एक समाजशास्त्रातून आलेली, दुसरा लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संस्थेतून. पटकथा आणि संवाद भावे लिहायच्या, कलादिग्दर्शन आणि वेशभूषाही बघायच्या. गाणी बहुतेक सुकथनकरांची. ‘विचित्र निर्मिती’ ही त्यांची संस्था.

वेशभूषा आणि कलादिग्दर्शन स्वतःकडे ठेवण्यामागे पैसे वाचवणं असेलच. पण त्यांच्या चित्रपटातलं कुठलंही स्वयंपाकघर बघा. ते सजवलेलं वाटत नाही, तिथे कोणीतरी राहतं असं वाटतं. गृहभेटीला गेलेली कार्यकर्ती आधी ओट्याकडे बघते, हे मला आमच्या धंद्यातून माहीत आहे.

पहिला कथापट यायला ‘बाई’नंतर दहा वर्षं लागली. ‘दोघी’, १९९५. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांची निर्मिती. कोरडवाहू गावातल्या दोन बहिणी, गौरी आणि कृष्णा. गौरीच्या लग्नाला निघालेला नवरदेव वाटेत अपघातात जातो, गौरी पांढऱ्या पायाची ठरते. घर खचतं. मामा तिला कमवायला मुंबईला पोचवतो आणि तिच्या देहविक्रीच्या पैशावर मागचं घर तगतं. मग धाकटीचं लग्न ठरतं आणि थोरली घरी येते. रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी, आईच्या भूमिकेत उत्तरा बावकर, मामा सदाशिव अमरापूरकर. सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, शिवाय अंजली मराठे यांना गायनाचा.

‘दोघी’त मला आई सर्वांत जवळून दिसते. मुलीने पाठवलेले पैसे ती घेते आणि मुलीला दारात घेत नाही. स्वस्त चित्रपटात ही बाई खलनायिका झाली असती. इथे तिचंही ऐकून घेतलं जातं. वस्तीत जाऊन हजार मुलाखती घेतलेल्या माणसालाच माहीत असतं की निष्ठुर वागणारी बाई बहुतेक वेळा भेदरलेली असते.

मधली दहा वर्षं ‘कधी एकदा मोठा सिनेमा करते’ अशी वाट बघण्यात गेली नाहीत, हे मात्र मुद्दाम सांगते. त्या काळात लघुपट चालूच होते, संस्थांसाठी, शैक्षणिक, प्रबोधनाचे. सिनेमाच्या जगात अशा कामाला पायरी समजतात, चढून गेलं की विसरायची. भावे आणि सुकथनकर यांनी कथापट सुरू झाल्यावरही ते सोडलं नाही.

पैसा

वर्गात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जावा. स्वतंत्र दिग्दर्शक म्हणजे कोणापासून स्वतंत्र? पैसा तर कुणाचा तरी लागतोच.

मराठी चित्रपटाचं गणित सगळ्यांना तोंडपाठ आहे. निर्माता मिळाला तर थिएटर मिळत नाही, थिएटर मिळालं तर सकाळी साडेदहाचा खेळ मिळतो, आणि शुक्रवारी माणसं आली नाहीत तर सोमवारी पोस्टर उतरतं. या गणितात स्किझोफ्रेनियावरचा चित्रपट बसवून दाखवा.

‘देवराई’ आला २००४ साली. शेष नावाचा तरुण, त्याच्या डोक्यातली देवराई, त्याचे भास आणि त्याला आपल्या घरी आणणारी बहीण. अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. यामागे उभे राहिले डॉ. जगन्नाथ वाणी, कॅनडात संख्याशास्त्र शिकवणारे, घरातच हा आजार पाहिलेले, आणि त्यांनी पुण्यात सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. दोन वर्षांनी ‘नितळ’, अंगावर कोड असलेल्या डॉक्टर मुलीची गोष्ट. त्यामागे कोड असलेल्या माणसांसाठी काम करणारी पुण्याचीच श्वेता असोसिएशन. ‘अस्तु’ आणि ‘कासव’ यांच्याशी डॉ. मोहन आगाशे जोडले गेले. ते नट आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञही. हे चित्रपट घेऊन ते गावोगाव फिरले. आधी चित्रपट, मग समोर बसलेल्यांशी बोलणं. तिकीटबारीवर जे कुटुंब कधी आलं नसतं ते सभागृहात आलं, कारण विषय त्यांच्या घरातला होता.

फळ्यावर मी हे सगळं ओळीने लिहिते आणि मुलांना विचारते, यात सारखं काय आहे? एखादं पोरगं बरोबर बोट ठेवतं : प्रत्येक वेळी बघणारा माणूस आधी ठरलेला आहे. नेहमीच्या धंद्यात चित्रपट करतात आणि मग प्रेक्षक शोधतात. इथे एखाद्या आजाराने, दुःखाने बांधलेला समाज आधी आहे, त्याची संस्था आहे, तिला स्वतःबद्दल बोलायचंय आणि भाषा सापडत नाहीये. भावे यांनी १९८५ मध्ये जे केलं तेच हे, पुन्हा पुन्हा. सांगणारी माणसं आणि बघणारी माणसं एकच.

त्यांचं स्वातंत्र्य मला इथे दिसतं. वितरकाच्या मर्जीवाचून त्यांचं अडलं नाही, कारण त्यांच्या प्रेक्षकाकडे जाणारी दुसरी वाट त्यांना माहीत होती. ती वाट संस्थांच्या सभागृहांतून, शाळांतून, रुग्णांच्या नातेवाइकांच्या बैठकांतून जाते. ‘दहावी फ’ घ्या, २००२ चा. मार्कांवरून तुकड्या पाडलेल्या शाळेतली शेवटची तुकडी, अपमानाच्या रागात प्रयोगशाळा फोडणारी मुलं, आणि ती पुन्हा उभी करायला त्यांना स्वतः कमवायला लावणारे देशमुख सर. आमच्याकडे येणारी कितीतरी मुलं सांगतात की हा चित्रपट आम्ही शाळेत असतानाच पाहिला. थिएटरचं नाव कोणाच्या तोंडी येत नाही.

गाडीची काच

एक प्रसंग मी वर्गात दोनदा दाखवते. ‘अस्तु’मधला.

डॉ. चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे गाढे पंडित, आता स्मृती विरत चाललेली. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी बाजारात उतरते. म्हातारा मागच्या सीटवर. काचेबाहेर रस्ता, गर्दी, हॉर्न. आणि त्या गर्दीतून हत्ती येतो. पुण्याच्या रस्त्यावर माहुताबरोबर मागत फिरणारा हत्ती, आपण सगळ्यांनी पाहिलेला. शास्त्रींच्या चेहऱ्यावर पाच वर्षांच्या पोराचा आनंद उमटतो. ते उतरतात आणि हत्तीच्या मागे चालू लागतात. त्यांना कोणी पळवलं नाही, ते चुकलेही नाहीत. ते हत्तीबरोबर गेले.

पहिल्यांदा दाखवते तेव्हा मुलं इराबरोबर घाबरतात. दुसऱ्यांदा दाखवण्याआधी सांगते, आता फक्त म्हाताऱ्याकडे बघा. तेव्हा कळतं की ज्याला आपण हरवणं म्हणतो ते त्याच्या बाजूने काहीतरी सापडणं आहे. पुढे माहुताची बायको चन्नम्मा, अर्धं कानडी बोलणारी, पोटाला मोताद, या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं खाऊ घालते, न्हाऊ घालते. तो तिच्यात आई बघतो. तो कोण होता हे तिला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही वाटत नाही. मुलीला मात्र तो कोण होता हेच विसरता येत नाही आणि तिचं दुःख तिथेच आहे. अमृता सुभाष यांना चन्नम्मासाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भावे यांना संवादांसाठी.

रुग्णाच्या बाजूने बघा, हे वाक्य आमच्या प्रत्येक क्रमिक पुस्तकात आहे. या प्रसंगात ते वाक्य कोणी उच्चारत नाही. कॅमेरा काचेच्या आत बसलेला आहे, एवढंच.

मुलांचे आक्षेप

ते दरवर्षी येतात आणि त्यांत दम असतो.

पहिला, चित्रपट फार समजावून सांगतात. हे मला काही ठिकाणी मान्य आहे. ‘नितळ’मध्ये पात्रं एकमेकांशी बोलताना मध्येच आपल्याशी बोलू लागतात. ‘एक कप च्या’ हा बस कंडक्टर आणि माहितीच्या अधिकाराचा चित्रपट गोड आहे, किशोर कदम यांनी तो तोलून धरलाय, पण त्यात अर्ज कसा भरायचा याची शिकवणी अधूनमधून डोकावते. संस्थेला तिचा विषय हवा असतो आणि तो कथेच्या एक पाऊल पुढे चालायला लागतो. या पद्धतीची ती किंमत आहे. ती प्रत्येक वेळी द्यावी लागली असं मात्र नाही. ‘कासव’मध्ये नैराश्यावर व्याख्यान नाही. मरायला निघालेला मुलगा आहे, स्वतः त्यातून गेलेली जानकी आहे, कोकणातला किनारा आहे आणि अंडी घालून समुद्रात परत जाणारी कासवीण. तिच्या पिलांची राखण परकी माणसं करतात. त्याहून जास्त कोणी काही सांगत नाही.

दुसरा आक्षेप एका मुलीने घेतला होता आणि तो मी तेव्हापासून सोबत बाळगते. ती म्हणाली, मॅडम, बायकांनी आयुष्य सांगितलं, त्यावर सिनेमा झाला, नाव दिग्दर्शिकेचं झालं. अहवालात आणि यात फरक काय? ती स्वतः येरवड्याच्या वस्तीत वाढलेली होती. मी तिला तोंडावर मारायचं उत्तर दिलं नाही, कारण ते माझ्याकडे नव्हतं. आठ बायकांच्या कहाण्यांच्या पुस्तकावर मुखपृष्ठावर नाव एकच असतं, हे खरंच आहे. मी तिला एवढंच म्हटलं की भावे यांना ही बोच होती म्हणून तर त्या कागदावरून पडद्यावर गेल्या, आणि पडद्यावर गेल्याने ती पुरती गेली असं मी म्हणणार नाही. पुढचं पाऊल म्हणजे कॅमेरा तिच्याच हातात. ते आता शक्य आहे. १९८५ मध्ये नव्हतं.

भावे १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात गेल्या, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. करोनाची दुसरी लाट चालू होती, थिएटरं बंद. ‘दिठी’ तयार होता. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा, पोरगा पुरात गमावलेल्या रामजी लोहाराचा. तो महिन्याभराने ओटीटीवर आला. अडलेल्या गाईची सुटका करायला त्याच दुःखी माणसाला बोलावतात, दुसरं कोणाला ते जमत नाही. मी तो मोबाइलवर पाहिला, घरी, कानात इअरफोन घालून.

त्या वर्षापासून या प्रकरणाबरोबर मी एक काम देते. मुलाखत घेतलीत, लिहून काढलीत, आता परत जा आणि तिला वाचून दाखवा. जसंच्या तसं. ती म्हणेल ते बदला आणि दोन्ही प्रती मला आणून द्या. मुलांना हे सगळ्यात अवघड जातं. काही जण टाळतात.

येरवड्याच्या त्या मुलीने टाळलं नाही. तिने दांडेकर पुलाजवळ भाजी विकणाऱ्या एका आजींची मुलाखत घेतली होती. दोन्ही प्रती माझ्या टेबलावर ठेवल्या. मी शेजारी शेजारी धरून वाचल्या. चार पानांत एकच बदल होता. मुलीने लिहिलं होतं, ‘नवरा गेल्यावर मी एकटी राहिले.’ आजींनी ते खोडायला लावून तिथे लिहवून घेतलं होतं, ‘नवरा गेल्यावर मी गाडी घेतली.’

“कसली गाडी?” मी विचारलं.

“हातगाडी,” ती म्हणाली. “भाजीची.”